फोन चोरून ऐकतो का, आणि पेज बंद झालं तर धरायचं कोणाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परळला राहणारे एक दादा विचारतायत की घरी आईच्या गुडघ्याच्या पट्ट्याबद्दल नुसतं बोलणं झालं, फोनवर कोणी काही शोधलं नाही, तरी रात्री त्याच पट्ट्याची जाहिरात समोर, म्हणजे फोन ऐकतो का? दुसरं, वहिनी घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात, त्यांचं सोशल मीडियावरचं पेज कंपनीने एका रात्रीत बंद करून टाकलं, कारण नाही, फोन करायला नंबर नाही, मेल केला तर छापील उत्तर. आणि तिसरं, या सगळ्याला कंटाळून सगळी अकाउंटं डिलीट करून बटणवाला फोन घ्यावा का?

मी बरीच वर्षं अंधेरीत जाहिरातींच्या डेटाचं काम केलंय, म्हणजे कोणाला काय दाखवायचं त्याच्या याद्या बनवायचं, आणि आता बरोब्बर उलट्या बाजूला आहे, कंपन्यांची अ‍ॅप्स उघडून बघते की ती कुठला डेटा गुपचूप कुठे धाडतायत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ऐकण्याचं. नाही दादा, फोन तसा ऐकत नाही. म्हणजे माइक चोवीस तास चालू, तुमच्या स्वयंपाकघरातलं बोलणं कुठेतरी जातंय आणि त्यावरून जाहिरात येतेय, असं होत असल्याचा पक्का पुरावा आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही आणि शोधणाऱ्यांनी कमी शोधलेलं नाहीये. २०१८ साली अमेरिकेत नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी सतरा हजारांवर अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली होती, अगदी हेच बघायला, आणि चोरून आवाज रेकॉर्ड करून पाठवणारं एकही अ‍ॅप मिळालं नाही. मिळालं ते भलतंच. काही अ‍ॅप्स तुम्ही स्क्रीनवर काय करताय त्याचंच रेकॉर्डिंग करून तिसऱ्या कंपनीला पाठवत होती. आपण आपले कान जपत बसलोय आणि बघणारा निवांत बघतोय! शिवाय आता अँड्रॉइड १२ पासून पुढे आणि आयफोनला आयओएस १४ पासून पुढे माइक चालू झाला की स्क्रीनच्या वरच्या बाजूला ठिपका येतो, अँड्रॉइडला हिरवा, आयफोनला केशरी, तो एकदा बघायची सवय लावून घ्या म्हणजे मनातली भीती तरी जाईल. एक अपवाद मात्र खरा आहे, आवाजाने चालणारे असिस्टंट. त्यांना हाक मारलेली नसताना ते जागे होतात आणि मधलं बोलणं रेकॉर्ड होतं, हे होतं. सिरीच्या बाबतीत याच तक्रारीवरून अमेरिकेत खटला झाला आणि २०२५ मध्ये अ‍ॅपलने साडेनऊ कोटी डॉलर देऊन तो मिटवला, अर्थात आरोप मान्य न करता. लागत नसेल तर तो असिस्टंट बंदच करून टाका, मी केलाय.

मग गुडघ्याचा पट्टा आला कुठून? तुमच्या घरात काय झालं ते मी पाहिलेलं नाही, पण असल्या केसेस उलगडायचंच काम केलंय म्हणून सांगते, आईला दवाखान्यात नेलं होतं का? तिथे रिसेप्शनला नंबर कोणाचा लिहिला, तुमचाच ना? औषधं घेतली तिथे बिलावर नंबर कोणाचा? बहिणीने तिच्या फोनवर पट्टा बघितला असेल आणि ती रविवारी तुमच्याकडे येऊन तुमचंच वायफाय वापरून गेली असेल, तर बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही फोन एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. ती आणि तुम्ही एकाच शॉपिंग अ‍ॅपवर एकाच डिलिव्हरी पत्त्याने मागवत असाल तर बघायलाच नको. तुम्ही काही शोधलं नाही हे मला मान्य आहे, पण तुमच्या आजूबाजूच्यांनी शोधलं आणि तुम्ही त्यांच्याशी जोडलेले आहात हे कंपनीला माहितीय. आणि हेही लक्षात घ्या की दिवसभरात नजरेखालून कितीतरी जाहिराती जातात, त्यातल्या पाणीपुरीच्या मशीनची नि बिटकॉइनची आपल्याला आठवतसुद्धा नाही, जी जुळली तीच लक्षात राहते. कदाचित तो पट्टा आधी दोनदा येऊन गेला असेल, बोलणं झाल्यावर तुम्हाला तो दिसला.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे एवढं टाइप करतेय. या सगळ्याला जोडणारा धागा म्हणजे तुमचा मोबाईल नंबर. लोक सेटिंगा बदलत बसतात, कुकी (वेबसाइट आपल्या फोनात ठेवते ती खूण) नाकारतात, व्हीपीएनचे (इंटरनेटवरचा आपला पत्ता लपवणाऱ्या सेवेचे) पैसे भरतात, आणि दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये बिलिंग काउंटरवर विचारलं की दहा आकडे न अडखळता घडाघडा म्हणून मोकळे होतात.

काम कसं चालतं ते सांगते. समजा एका दुकानाकडे वीस हजार गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. दुकान ती यादी फेसबुक किंवा गूगलच्या जाहिरातींच्या खात्यात अपलोड करतं. कंपनी आपल्याकडच्या अकाउंटांशी ते नंबर जुळवते, कारण तुम्ही अकाउंट उघडताना तोच नंबर दिलेला असतो, आणि मग त्या माणसांना जाहिरात दाखवते, वर "या लोकांसारखे दिसणारे अजून दोन लाख शोधून द्या" असंही सांगता येतं. यात माइक कुठे आला? गरजच नाही. आता कंपन्या म्हणतील की नंबर आम्ही तसाच घेत नाही, हॅश करून घेतो, म्हणजे त्याचं गणिती पद्धतीने न ओळखता येणाऱ्या अक्षरांत रूपांतर करतो. ऐकायला छान. पण आपल्याकडे मोबाईल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६ ते ९ मधल्याच आकड्याने, म्हणजे एकूण शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. या सगळ्यांचे हॅश काढून ठेवायला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डवाल्या कॉम्प्युटरला एक मिनिटसुद्धा लागत नाही. आणि तसंही जुळवण्यासाठी उलगडायची गरजच नसते, दोन्हीकडचा हॅश सारखा आला की काम झालं. माझ्या जुन्या ऑफिसात हॅश केलेल्या यादीला सगळे "सेफ डेटा" म्हणायचे, मिटिंगमध्ये तोंड सरळ ठेवून.

मुंबईत हा नंबर आपण कुठे कुठे वाटतो ते बघा जरा. मॉलच्या मधोमध गाडी उभी असते, शेजारी लकी ड्रॉचं कूपन भरायची पेटी. ती गाडी कोणाला लागते देव जाणे, पण नाव, नंबर, पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेलं असतं. नवीन टॉवरची साइट व्हिजिट करा एकदा, फक्त बघायला म्हणून, मग कल्याण-शीळ रोडपासून पनवेलपर्यंतचे ब्रोकर वर्षभर "सर, पझेशन जवळच आहे" करत राहतात, कारण ती यादी बिल्डरच्या ऑफिसातून एका ब्रोकरकडे, तिथून दुसऱ्याकडे, एक्सेल फाइलीत फिरत असते. पोरगं दहावीला असेल तर निकालाच्या आधीच क्लासवाल्यांचे फोन. सोसायटीच्या गेटवरचं अ‍ॅप तर मला सगळ्यात जास्त खटकतं, येणाऱ्या पाहुण्याचा फोटो नि नंबर, कामवाल्या मावशींची रोजची यायची-जायची वेळ, सगळं एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवर, आणि जनरल बॉडीत कोणी विचारलंय का की हे किती दिवस ठेवणार? मावशींना तर कोणी विचारतच नाही. मला ऑफिसमध्ये गोपनीयतेवर भाषण देणारे लोक माहितीयत जे स्वतःच्या सोसायटीत हेच अ‍ॅप कौतुकाने मिरवतात.

सरकारी बाजूही काही सोवळी नाहीये. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आयआरसीटीसीने प्रवाशांच्या डेटामधून पैसे कसे कमवता येतील त्यासाठी सल्लागार नेमायचं टेंडर काढलं होतं, १००० कोटींपर्यंत कमाईचा अंदाज धरून. ओरड झाली, संसदेच्या समितीने बोलावलं, तेव्हा ते मागे घेतलं. म्हणजे ओरडल्याचा उपयोग होतो, हे लक्षात ठेवा, पेजच्या मुद्द्याला परत कामी येईल.

मग करायचं काय. एक नंबर फक्त बँक, आधार, पॅन, डीमॅट, बस्स. तो कोणालाच सांगायचा नाही, त्यावर व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा नको जमलं तर. आणि दुसरा स्वस्तातला नंबर बाकी जगासाठी, शॉपिंग, डिलिव्हरी, दवाखाना, क्लास, सोसायटी. आता लगेच कोणीतरी म्हणेल दोन दोन रिचार्ज कशाला, तर बाबा हा खर्च तुम्ही पुढे जे व्हीपीएन नि "प्रायव्हसी अ‍ॅप" विकत घ्याल त्याच्यापेक्षा कामाचा आहे. बहुतेकांचा नंबर आधीच सगळीकडे पसरलेला असतो, तो परत गोळा होत नाही, म्हणून बदल उलटा करा, जुना पसरलेला नंबर जगासाठी राहू द्या आणि बँकेसाठी नवा घ्या. बँकेत जाऊन फॉर्म भरावा लागेल, आधारलाही नंबर बदलावा लागेल, एक-दोन शनिवार जातील, जाऊ दे. आणि जुना नंबर रिचार्ज न करता सोडून देऊ नका हं, बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते आणि मग तुमच्या कुठल्यातरी विसरलेल्या खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाला जातो. सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, तेही एकदा बघून घ्या, कधी कधी धक्का बसतो.

दुकानात नंबर मागितला तर सरळ "नाही देणार" म्हणायचं. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सांगितलंय की नंबर दिल्याशिवाय बिल नाही अशी सक्ती करता येणार नाही, ती अनुचित व्यापार पद्धत धरली जाईल. काउंटरवरचा मुलगा म्हणतो "मॅडम, सिस्टीम पुढे जात नाही." जाते. तो मुलगा बिचारा पगारावर आहे, त्याच्याशी भांडू नका, मॅनेजरला बोलवायला सांगा, सिस्टीम लगेच पुढे जाते. तरी अडवलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जाहिरातीच्या कॉलबद्दल, डीएनडी (नको ते जाहिरातीचे कॉल अडवायची नोंदणी) लावलेलं असेल तरी ब्रोकर साध्या दहा आकडी नंबरवरून करतो म्हणून लोकांना वाटतं डीएनडी निरुपयोगी आहे. तसं नाही, ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या, नियमांनी जाहिरातदार म्हणून नोंदणी न केलेल्या कॉल करणाऱ्याविरुद्धही तक्रार चालते, १९०९ वर किंवा डीएनडी अ‍ॅपवर, आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून तक्रारीची मुदत तीनवरून सात दिवस झालीय. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा, १६०० ने सुरू होणारा बँक वगैरेंचा कामाचा, हे पाठ असू द्या. "बँकेतून बोलतोय" म्हणणारा साध्या मोबाईल नंबरवरून आला की निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, झेरॉक्सवाला. आपण सगळे काय करतो, स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, भिंतीवर नंबर लिहिलेला असतो, त्यावर आधार कार्डाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप करतो, दोन प्रिंट घेतो, दहा-वीस रुपये देतो, निघतो. ते आधार तिथल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहतं, आख्ख्या वॉर्डाची ओळखपत्रं त्या एका मशीनमध्ये असतात. दुकानदार वाईट असतो असं म्हणत नाही मी, पण ते मशीन कोण वापरतं, त्यात काय व्हायरस बसलाय, त्यालाही माहीत नसतं. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, बऱ्याच कामांना तेवढं चालतं. प्रिंट झाली की मेसेज "डिलीट फॉर एव्हरीवन" करा आणि डाउनलोड झालेली फाइल त्यालाच समोर उडवायला सांगा, लाजू नका. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, अंगठा लागेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं.

फोनच्या सेटिंगा पटापट सांगते कारण यात फार अक्कल लागत नाही. अँड्रॉइडला सेटिंग, गूगल, जाहिराती, तिथे अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले तुमचा फोन ओळखतात तो क्रमांक) डिलीट करायची सोय आहे, करून टाका, काही बिघडत नाही. आयफोनला ट्रॅकिंगमध्ये जाऊन अ‍ॅप्सना विचारायलाच मनाई करा. ही आयफोनची सोय एप्रिल २०२१ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी मेटानेच, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपच्या कंपनीनेच, सांगितलं की यामुळे साधारण १००० कोटी डॉलरचा फटका बसेल, यावरून कळतं त्या एका बटणात किती जीव आहे. लोकेशन "अ‍ॅप वापरताना" यावर, गूगलची अ‍ॅक्टिव्हिटी तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल अशी. आणि सगळ्यात मोठी परवानगी म्हणजे कॉन्टॅक्ट्स, ती व्हॉट्सअ‍ॅपसारखी एक-दोन सोडून कोणालाच नको. ती दिली की तुम्ही फक्त तुमचा नाही, तुमच्या सासूबाईंचा, पोरांच्या बाईंचा, प्लंबरचा नंबर देऊन टाकता, त्यांना न विचारता. कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनी याच परवानगीच्या जोरावर लोकांच्या नातेवाइकांना घाणेरडे मेसेज पाठवून जीव नकोसा केला होता, त्यानंतर रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कर्जाच्या अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायला मनाई केली आणि २०२३ मध्ये गूगलने प्ले स्टोअरवरही तसाच नियम आणला. त्यामुळे आज कुठलं कर्जाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर ते नियमातलं नाही असं समजून तिथल्या तिथे काढा.

इन्कॉग्निटोबद्दल, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीबद्दल, पण लोकांचा गैरसमज असतो. ते घरच्यांपासून लपवायला ठीक आहे, वेबसाइटपासून नाही. गूगलवर यावरून खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत त्यांनी जमवलेल्या अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं. व्हीपीएनचंही तेच, तुम्ही त्यातून जाऊन त्याच नंबरने त्याच अकाउंटात लॉगिन केलंत तर काय उपयोग? व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज मधे कोणी वाचू शकत नाही हे खरं, पण तुम्ही कोणाशी कधी किती वेळा बोलता हे कंपनीला दिसतंच. २०२१ च्या जानेवारीत त्यांनी नवीन धोरण "मान्य करा नाहीतर चालू पडा" अशा थाटात आणलं होतं, त्यावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. प्रकरण अर्थातच पुढे अपिलात गेलं.

कायदा आहे की नाही, तर आहे आणि नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क. त्यावर संसदेने डेटा संरक्षणाचा कायदा केला तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांना लागू होणारी मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात. पन्नासच्या वर पानांच्या पॉलिसीवर तुम्ही सेकंदात "मान्य" करायचं आणि कंपनीला तयारीला दीड वर्ष! दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो जमा होतो सरकारच्या तिजोरीत, ज्याचा डेटा फुटला त्याला छदाम नाही. उलट तुम्ही खोटी किंवा फालतू तक्रार केलीत तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड, हे कलम वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले होते. तरी हा कायदा येऊ दे असंच माझं मत आहे, कारण माहिती पुसून टाका म्हणायचा हक्क त्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलाय.

मग सगळं डिलीट करून बटणवाला फोन? नका करू, निदान रागाच्या भरात तरी नका. अ‍ॅप काढलं म्हणजे अकाउंट गेलं असं नसतं, आणि अकाउंट डिलीट केलं तरी फेसबुकसारख्या ठिकाणी तीस दिवस ते नुसतं झोपलेलं असतं, त्यानंतर पूर्ण पुसायला नव्वद दिवसांपर्यंत लागू शकतात, पहिल्या तीस दिवसांत लॉगिन केलंत की परत जिवंत होऊ शकतं. आणि दुकानांच्या, ब्रोकरांच्या याद्यांमध्ये तुम्ही तसेच राहता. वर यूपीआय, रेल्वेचं तिकीट, पोराच्या शाळेचा ग्रुप हे सगळं बटणवाल्यावर आणताना घरात रोज भांडणं. जी अकाउंटं वर्षभर उघडलीच नाहीत ती मात्र नक्की बंद करा, आधी त्यातला डेटा डाउनलोड करून.

आता वहिनींच्या पेजचं, कारण यात मुदत आहे.

कंपनी फोन का उचलत नाही याचं कारण साधं आहे. २०२३ साली मेटाची कमाई सुमारे १३५ अब्ज डॉलर होती आणि त्यातले सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त जाहिरातींचे. बाकीच्या फुकट अ‍ॅप्सचं गणितही साधारण असंच. पैसे देणारा जाहिरातदार, तुम्ही गिऱ्हाईक नाहीच, मग काउंटर कशाला ठेवतील? म्हणून पहिली गोष्ट, सर्चमध्ये "अमुक कंपनी कस्टमर केअर नंबर" टाकून जो नंबर येईल त्यावर फोन करू नका. तो नव्वद टक्के भामटा असतो असं मी धरून चालते, तो स्क्रीन दिसणारं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि पेज राहतं बाजूला, खातं साफ होतं. "पेज परत मिळवून देतो" असे मेसेज करणारेही त्यातलेच. वहिनींनी आधीच असं काही केलं असेल तर ताबडतोब १९३० वर फोन, जितक्या लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट, अ‍ॅपमधलं "अपील" बटण दाबा, पण त्यावर विसंबू नका, ते मशीनकडे जातं. खरा रस्ता आयटी नियम २०२१ मधला आहे. ज्यांचे भारतात ५० लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते आहेत अशा सोशल मीडिया कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी ठेवावा लागतो आणि त्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर द्यावा लागतो. ते पान मुद्दाम कोपऱ्यात ठेवलेलं असतं, तळाशी "ग्रिव्हन्स ऑफिसर" शोधा. त्याने चोवीस तासांत पोच द्यायची आणि सात दिवसांत निकाल द्यायचा (२०२६ च्या फेब्रुवारीपर्यंत ही मुदत पंधरा दिवसांची होती). त्याने नकार दिला किंवा सात दिवस कानावर हात ठेवून बसला तर तीस दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन. वकील लागत नाही. ही सोय २०२३ च्या मार्चपासून चालू आहे आणि मी ज्यांना ज्यांना सांगते त्यातल्या बहुतेकांनी ती कधी ऐकलेलीच नसते. गंमत म्हणजे समितीपर्यंत जायची वेळ बऱ्याचदा येत नाही, नियमाचा आकडा टाकून तक्रार गेली की फाइल माणसाच्या टेबलावर येते, असा माझा अनुभव आहे.

मेल मराठीत लिहायला काही हरकत नाही पण इंग्रजीत साधा लिहा, लवकर हलतो. रागाचे तीन परिच्छेद नकोत. पेजचं नाव, कधी सुरू केलं, कुठल्या तारखेला किती वाजता बंद झालेलं दिसलं, त्या स्क्रीनचा फोटो, आलेल्या छापील उत्तराची प्रत. मग विचारा की कुठल्या नियमाखाली कुठल्या पोस्टमुळे बंद केलं. आयटी नियमांतल्या नियम चारच्या उपनियम आठमध्ये मजकूर काढायच्या आधी कारण कळवायचं आणि बाजू मांडायची संधी द्यायची असं आहे, त्याचा उल्लेख करा. वहिनींचं एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) नोंदणीपत्र जोडा, म्हणजे खरा धंदा आहे हे दिसतं. नसेल तर आधी ते काढा, घरगुती फराळालाही लागतं. पेजवर जाहिरातीसाठी कधी पैसे भरले असतील तर त्या पावत्या जोडाच, कारण मग त्या पैसे देणाऱ्या ग्राहक ठरतात, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेला छोटा धंदा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "व्यापारी हेतू" धरला जात नाही, म्हणजे ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा राहतो. पोचेचा नंबर आला की तो कागदावर लिहून ठेवा आणि कॅलेंडरवर आठव्या दिवसाला खूण करा, त्या दिवशी उत्तर नसेल तर त्याच संध्याकाळी समितीकडे.

दिवाळीच्या ऑर्डरी तोवर थांबणार नाहीत हे मला कळतंय. वहिनींकडे गिऱ्हाइकांचे नंबर वहीत असतील तर त्यांना एकेकाला वेगळा मेसेज करून नवा नंबर कळवा. सगळ्यांना एका ग्रुपमध्ये कोंबू नका, नाहीतर शंभर जणांचे नंबर एकमेकांना दिल्यासारखं होईल आणि त्यातला एक तरी ब्रोकर निघतोच.